कोपरे झाले का?

बेनिसोल, ९ सप्टेंबर

नेल,

तुझी तब्येत बरी असावी असं धरून चालते, कारण पत्रात तू तिच्याबद्दल काही लिहिलेलं नाहीस. पत्रात तू कशाबद्दलच काही लिहिलेलं नाहीस. ‘आदरणीय आई, निमंत्रणाबद्दल आभारी आहे, तारखांचं बघून लवकरच कळवीन, काळजी घ्यावी.’ खाली तुझी सही. बाकी सगळं टाइप केलेलं.

हे पत्र तू लिहिलेलं नाहीस. मला नवव्या वर्षी शाळेतून काढून बुटांचं चामडं शिवायला बसवलं होतं. मी वाचायला शिकले ती तू पहिलीत असताना, तुझ्याच पुस्तकातून, तुझ्या शेजारी बसून. त्यामुळे तुझं लिहिणं मला ठाऊक आहे. तू जन्मात कधी स्वल्पविराम दिला नाहीस. या एका ओळीत तीन आहेत. तुझे सामने, विमानं आणि हॉटेलं ठरवणारी ती बेर्ता, तिनं लिहिलं असणार. माझी पत्रं तुझ्या हातात पडतात की तिच्या खणात, हेही मला कळायला मार्ग नाही. बेर्ताबाई, तुम्ही हे वाचत असाल तर पुढचं वाचू नका. पाकीट त्याला द्या.

तू खेळणं सोडतोयस हे मला पेपरातून कळलं. आतल्या पानावर, खाली, बोटाएवढी बातमी. ‘नेल सिर्वेंत, वय तेहतीस, सर्वोत्तम क्रमांक एकशे सात.’ पॅरिसच्या मोठ्या स्पर्धेत तू तीन वेळा पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात हरलास, तेही लिहिलं होतं. हरलेलं लिहायला यांच्याकडे नेहमी जागा असते.

मी आधीच्या पत्रात लिहिलं तेच परत लिहिते, ते पत्र खणात गेलं असेल म्हणून. आपला क्लब चालवणारा डॉन लेआंद्रो टेनिस कोर्टची लाल माती नोव्हेंबरात उखडून टाकणार आहे. जागी निळं, कडक काहीतरी येणार. मला म्हणाला, “रेमेइबाई, अजून काही ठरलेलं नाही हं.” दोनदा म्हणाला, म्हणजे ठरलेलं आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मातीवरचा शेवटचा सामना आहे. तू आणि ओरियोल फाब्रा, त्या वेळचे तेच दोघं. तू आलास तर गाव येईल. नाही आलास तरी येईल, पण मग ते तुझ्याबद्दल बोलायला येईल.

बाबांवर तुझा जो राग होता तो आता त्यांच्याबरोबर गेला असं समज. गेल्या मार्चमध्ये त्यांच्या अंत्यविधीला तू चर्चमध्ये मागच्या खांबापाशी उभा होतास. मी पाहिलं. लोक मला भेटायला रांगेत उभे राहिले तेव्हा तू नव्हतास.

आणखी एक. बाबांच्या कबरीपाशी कोणीतरी चेंडू ठेवून जातं. कबर भिंतीत आहे, चौथ्या ओळीत, शिडी लावल्याशिवाय हात पोचत नाही. तरी दर दीड-दोन महिन्यांनी तिथे एक वापरलेला चेंडू असतो. चेंडूला लागलेली माती आपल्याकडची नाही. आपली विटकरी, ही जास्त काळपट. पस्तीस वर्षं मी कोर्ट राखणाऱ्याच्या घरात कपडे धुतले, मातीचा रंग मला कोणी शिकवू नये.

कोण ठेवतं, ते मी शोधून काढणार आहे.

आई

बेनिसोल, २२ सप्टेंबर

नेल,

उत्तर नाही. ठीक आहे.

मला पहिला संशय ओरियोलचा आला. गुन्हेगार फुलं आणतो म्हणतात, हा चेंडू आणत असेल. बदाम झोडपायचे दिवस आहेत, तो झाडांखाली पसरायच्या जाळ्या घेऊन बापाच्या शेतावर होता. आता तो ठिबकच्या नळ्या विकतो. पोट सुटलंय. तुझी जागा घेऊन बार्सिलोनाच्या अकादमीत गेला आणि एकोणिसाव्या वर्षी दुखावलेलं मनगट घेऊन परत आला.

मी सरळ विचारलं. तो म्हणाला, “मावशी, मी? त्या दिवसानंतर मी बातिस्तकाकांच्या नजरेला नजर दिलेली नाही. कबरीला कुठून देऊ?”

“का नाही दिलीस?”

त्यानं काठी खाली ठेवली. “कारण मलाही तो चेंडू बाहेरच वाटला होता.”

“मग बोलला का नाहीस?”

“सोळा वर्षांचा होतो मावशी. सोळाव्या वर्षी कोण बोलतं?”

त्याच्या आईनं मला मिरच्या आणि खारवलेला मासा घातलेली कोका-रोटी बांधून दिली. मी घेतली, पण घरी येऊन कोंबड्यांना घातली. खरं सांगायचं तर अर्धी घातली.

तुला तो दिवस जसा आठवतो तसाच मला आठवतो का, बघ. ऑगस्ट, गावच्या जत्रेचा आठवडा, कुमारांची अंतिम फेरी. जिंकणाऱ्याला अकादमीत जागा. नेमलेल्या पंचाची गाडी रस्त्यात बंद पडली. तेव्हा फाब्रा, ओरियोलचा बाप, तो स्वतःच म्हणाला, “बातिस्त, तू बस खुर्चीत. तुझ्याबद्दल कोणाला शंका येणार?” बाबा नको म्हणत होते. लोकांनी त्यांना हाताला धरून वर चढवलं. दुसरा सेट तू सहा-चारनं घेतलास. तिसऱ्यात ओरियोल पाच-चारनं पुढे, सामन्याचा शेवटचा गुण. त्याचा चेंडू तुझ्या कोपऱ्यात पडला. तू बोटानं मातीवरच्या खुणेभोवती गोल काढलास, म्हणालास बाहेर आहे, दोन बोटं बाहेर. बाबा खुर्चीवरून उतरले, वाकले, आणि तुझ्या गोलाच्या शेजारची खूण दाखवून म्हणाले, “ही आहे. रेषेला लागलीय.” तू म्हणालास, “बाबा, ती जुनी आहे.” ते म्हणाले, “जुनी कशी असेल? सेट संपल्यावर कोर्ट झाडलंय.”

आणि संपलं. तू रॅकेट पिशवीत घातलीस, हात मिळवलास, आणि दोन महिन्यांत बार्सिलोनाला आत्याकडे गेलास. त्याच अकादमीत, पण मागच्या दारानं. दिवसा दुसऱ्यांच्या रॅकेटना तारा ओढायच्या आणि संध्याकाळी रिकाम्या कोर्टवर खेळायचं. तुझं पुढचं सगळं त्या मागच्या दारातून आलं. शंभराच्या आत यायला जी सात माणसं आड आली, ती तिथेच उभी होती असं मला वाटतं.

तू जिंकलाच असतास असं मी म्हणत नाही. तो गुण फक्त बरोबरीचा झाला असता. पण खेळ चालू राहिला असता.

बाबांना पुन्हा कोणी पंच म्हणून बोलावलं नाही. ते केलोच्या बारमध्ये शिरले की पोरं बोटानं टेबलावर गोल काढायची. ते हसायचे. म्हणायचे, “माझी नजर त्या दिवशी चुकली, झालं.”

आता दुसरा संशय. हा तुला लिहू नये असं ठरवलं होतं. तू गेल्यावर वर्षभरानं बाबा दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी व्हॅलेन्सियाला जायला लागले. पाठीच्या डॉक्टरकडे, म्हणायचे. पाठीचं एक औषध घरात आलं नाही. सकाळच्या बसनं जायचे, रात्रीच्या जेवणाला परत. चेहरा धुतल्यासारखा. मी शर्टाची कॉलर हुंगायची. कॉलरला काही नसायचं. बुटांना असायची माती. काळपट.

म्हणजे चेंडू ती ठेवते. लाल माती जवळ बाळगणारी अशी कोण बाई आहे व्हॅलेन्सियात, तेवढं मला कळलं पाहिजे.

आई

बेनिसोल, ४ ऑक्टोबर

नेल,

तुझं टाइप केलेलं दुसरं पत्र आलं. ‘विचार करतो आहे.’ यात स्वल्पविराम नाही, पण एवढ्याशा ओळीत बेर्तालाही तो घालता आला नसता.

तुझ्याबद्दलचं एक कात्रण बाबांच्या कोटात सापडलं, ते सोबत ठेवते. कोणा पेपरवाल्यानं लिहिलंय की मातीवर खेळणारा प्रत्येक खेळाडू वाद झाला की पंचाला खाली बोलावतो, पण सिर्वेंत कधीच बोलावत नाही. शंका असली की तो स्वतः जाऊन खूण बुटानं पुसून टाकतो आणि गुण समोरच्याला देतो. त्याला लोक सभ्य म्हणतात, असं लिहिलंय. मला ते सभ्यपण वाटलं नाही. ज्याचा पंचावरचा विश्वास उडालाय, त्याचं ते वागणं वाटलं. बाबांनी त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारलीय. किती गुण गेले असतील तुझे असे.

आज केलो क्लबचा बार आवरत होता. माती गेली की त्याचा बारही जाणार. मी बरण्या बांधायला गेले. जुने करंडक, फोटो, तुटका पंखा. त्या अंतिम फेरीचा फोटो निघाला. मी म्हटलं, “केलो, खरं सांग. व्हॅलेन्सियात कोण होती?”

“व्हॅलेन्सियात? वहिनी, बातिस्तला तुमच्याशी दोन वाक्यं जुळवताना घाम फुटायचा. दुसरी कुठून सांभाळणार?”

“मग तुला काय माहीत आहे?”

“मला काहीच माहीत नाही.”

“तू ‘काहीच’ म्हणालास. ज्याला खरंच माहीत नसतं तो नुसतं ‘नाही’ म्हणतो.”

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं, बाहेर कोर्टकडे बघितलं. मग सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

अंतिम फेरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी त्याला पाण्याचा पाइप धरायला बोलावलं होतं. आदल्या संध्याकाळी बक्षिसांच्या गडबडीत कोर्ट कोणी झाडलं नव्हतं, सगळं होतं तसं होतं. बाबा त्या कोपऱ्यात गेले आणि उकिडवे बसले. बराच वेळ बसले. मग केलोला म्हणाले, “हे तू पाहिलेलं नाहीस. मी पाहिलंय हे रेमेइला कळलं, तर तुला माती दाबायच्या रुळाखाली घालीन.” आणि स्वतःच्या हातानं तो कोपरा झाडून काढला.

मी विचारलं, “काय होतं तिथे?”

केलो म्हणाला, “वहिनी, ते तुम्हाला माहीत आहे.”

बरण्या तशाच टाकून मी घरी आले. आज पुढे लिहिता येत नाही.

बेनिसोल, ५ ऑक्टोबर

नेल,

कालचं पत्र टाकलं नव्हतं. हेही त्याच पाकिटात घालते, म्हणजे मला मध्येच विचार बदलता येणार नाही.

ओरियोलनं बदामाच्या झाडाखाली आणखी एक वाक्य म्हटलं होतं, ते मी तुला लिहिलं नाही. तो म्हणाला होता, “आणि मावशी, तुम्ही तर म्हणालात ना, झाडलंय म्हणून.”

बाबा खुर्चीत होते, म्हणून त्या दिवशी मातीवरून ओढून कोर्ट झाडायची जाळी माझ्याकडे होती. तुला आठवतं, मी कुंपणाजवळच्या बाकावर बसले होते. माझ्याकडे पुस्तक होतं. पुस्तकांची गाडी मंगळवारी कारंज्यापाशी यायची आणि दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. जाड कादंबरी होती, एका दीपगृहवाल्याच्या बायकोची. मी आयुष्यात वाचायला घेतलेलं पहिलं जाड पुस्तक. तुझी आत्या म्हणायची, “आमच्या रेमेइला आता पंडिता व्हायचंय.” मी हट्टानं वाचत होते. तीन पानं राहिली होती.

टाळ्या झाल्या म्हणून मी मान वर केली. दुसऱ्या सेटचा शेवटचा गुण. तुझा चेंडू पलीकडच्या कोपऱ्यात रेषेवर पडला होता आणि ओरियोल नुसता बघत राहिला होता. फार सुंदर चेंडू होता तो. बाबांनी वरून हाक मारली, “रेमेइ, जाळी.” मी एका हातात जाळीचा दोर घेतला, दुसऱ्या हातात पुस्तक, बोट पानात. बाकी कोर्ट नीट झाडलं. त्या कोपऱ्यात जाळी कुंपणाच्या खिळ्याला अडकते, वळून सोडवावी लागते. मी नाही सोडवली. आधीच वळले. मनात म्हटलं, तिथे कोणाचा पाय पडत नाही. आणि बाकावर येऊन वाचायला लागले.

म्हणजे बाबांनी दाखवलेली खूण ओरियोलच्या चेंडूची नव्हतीच. ती तुझ्याच चेंडूची होती, मागच्या सेटमधली; बाजू बदलल्यावर तोच कोपरा तुझ्याकडे आला होता.

तू त्यांना म्हणालास ती जुनी आहे. ते म्हणाले झाडलंय. आणि मग तू माझ्याकडे वळलास. हेही मी आधी लिहिलं नाही. सगळं गाव होतं. तू विचारलंस, “आई, तो कोपरा झाडलास?”

मी हो म्हणाले.

हो का म्हणाले, याचा मी सतरा वर्षं विचार केलाय. पुस्तक हातात होतं म्हणून. जत्रेला आलेली तुझी आत्या मागच्या रांगेत बसली होती म्हणून. नाही म्हणाले असते तर सगळं गाव त्या पुस्तकाकडे बघणार होतं. एवढंच. याहून मोठं कारण मला सापडलेलं नाही.

तुझ्या बाबांची नजर चुकली नव्हती. त्यांनी तुझ्या बोटापेक्षा माझ्या झाडण्यावर विश्वास ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना कळलं, जाळीच्या रेघा कुठे वळल्यात ते बघून. तरी टेबलावरचे गोल त्यांनी सोसले, तुझा अबोला सोसला. माझं नाव घेतलं असतं तर तू त्यांना परत मिळाला असतास. घेतलं नाही.

ती शेवटची तीन पानं मी वाचली नाहीत. पुस्तक तसंच परत केलं.

आता तुला ज्याच्यावर रागवायचं त्याच्यावर रागव. फक्त त्यांच्यावर नको. सामन्याला नाही आलास तरी चालेल. पण भिंतीपाशी एकदा ये.

आई

बेनिसोल, २० ऑक्टोबर

नेल,

तुझं कार्ड मिळालं. हातानं लिहिलेलं. मी ते तीन वेळा तपासलं, एकही स्वल्पविराम नाही. तू लिहिलेलं मी इथे परत उतरवते, कारण उतरवल्याशिवाय मला ते खरं वाटत नाही.

‘आई मी पाहिलं होतं तू जाळी आधीच वळवलीस तेव्हा मी पाणी पीत होतो बाबांवर मी वर्षभर रागावलो मग ते आले आणि आम्ही व्हॅलेन्सियात भेटायला लागलो तिथल्या कोर्टवर शंभर शंभर चेंडू मारायचो त्यांनी तुझ्याबद्दल कधी काही सांगितलं नाही मीही नाही पण दोघांना ठाऊक होतं की दोघांना ठाऊक आहे तू कधी सांगतेस त्याची वाट बघत होतो चेंडू मीच ठेवतो शिडी रखवालदाराकडे असते ती पत्रं बेर्ताची मला तुला लिहिता येत नव्हतं रविवारी येतो.’

तर व्हॅलेन्सियातली बाई तू निघालास.

मी काय काय समजत होते. बेर्ता पत्रं दाबते, बाबा बाहेर जातात, ओरियोल पस्तावतो. तू बाबांवर रागावून घरी येत नाहीस, हेच मी गावाला सांगितलं, तुला लिहिलं, आणि स्वतःलाही पटवलं. सगळ्यांचा संशय घेऊन झाला. तू माझ्यामुळे येत नव्हतास, एवढा एक संशय घ्यायचा राहिला. या गावात येऊन, भिंतीला शिडी लावून, माझ्या दारावरून तू किती वेळा परत गेलास? भेटल्यावर सांगू नकोस. मी विचारणार नाही.

एक गोष्ट मात्र तुला ठाऊक नाही. तू गेल्यापासून रोज संध्याकाळी कोर्ट मीच झाडायची. बाबांनी जाळी परत कधी हातात घेतली नाही. ते बाकावर बसायचे, त्याच बाकावर, आणि माझं झालं की विचारायचे, “रेमेइ, कोपरे झाले का?” रोज. पावसानं झाडायचं नसेल ते दिवस सोडून रोज. मी म्हणायची, “झाले.” कधी चिडून म्हणायची, “पंधरा वर्षं झाडतेय, अजून विचारताय?” ते मान हलवायचे आणि टोपी घालून निघायचे. मला वाटायचं, म्हातारा टोमणा मारतो. कधी वाटायचं, याला काहीतरी कळलंय. पण विचारायची हिंमत नव्हती. शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात, नळ्या लावलेल्या असतानाही विचारलं. तिथे कुठलं कोर्ट? मी त्यांचं तोंड पुसलं आणि म्हटलं, “झाले हो, झोपा.”

ते मला दार उघडून देत होते. रोज संध्याकाळी, इतकी वर्षं. आणि मी रोज ते लावून घेत होते. ही राखण होती की शिक्षा, ते मला अजून ठरवता येत नाही. त्यांनाही ठरवता आलं नसेल.

काल कबरस्तानात गेले. रखवालदाराला शिडी मागितली. तो म्हणाला, “बाई, या वयात?” मी म्हटलं, “तू धर.” वर चढले, फरशी फडक्यानं पुसली, चारी बाजूंनी. तुझा मागचा चेंडू तिथेच होता, तो तसाच ठेवला. मग त्यांना विचारायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ थांबले आणि उत्तर दिलं. मोठ्यानं दिलं. रखवालदारानं ऐकलं असेल तर ऐकू दे.

म्हटलं, “एक राहिलाय.”

रविवारी दहाला सामना आहे. मी नऊला कोर्टवर असेन, जाळी घेऊन, दोन्ही हातांनी. सुरुवात त्या कोपऱ्यापासून करीन. खिळा अजून तिथेच आहे.

आई